पोलादी गोलावरचा क्रूस

पूर्व बर्लिनच्या मध्यभागी, आलेक्झांडरप्लाट्झ चौकालगत, १९६९ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मनोऱ्याच्या माथ्याजवळ ३२ मीटर व्यासाचा एक पोलादी गोल आहे. लख्ख ऊन पडले की या गोलावर झळझळीत क्रूस उमटतो. एक उभी पट्टी, एक आडवी पट्टी आणि त्या जिथे छेदतात तिथे डोळे दिपवणारा ठिपका. ढग आला की क्रूस जातो, ऊन आले की परततो. हा मनोरा बांधला जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाने, म्हणजे धर्माला कालबाह्य मानणे हीच ज्याची अधिकृत विचारधारा होती त्या राज्याने. बर्लिनकरांनी या क्रुसाला नाव दिले 'पोपचा सूड'. नाव लोकांच्या तोंडी बसले, पण त्याच्या पोटातला प्रश्न गंभीर आहे. ज्याने चिन्ह काढले नाही, काढायची ज्याची इच्छा नव्हती, उलट ज्याला ते चिन्ह नकोच होते, त्याच्या हातून ते उमटले, तर त्याला अर्थ आहे का? असलाच तर तो कोणाचा? देवाचा, बघणाऱ्याचा, की कोणाचाच नाही?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. श्रद्धाळू म्हणतो, माणसाने देवाला हाकलले तरी देव परत आला. नास्तिक म्हणतो, उन्हाची तिरीप आहे, त्यात एवढे काय शोधायचे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. त्यातही पहिले उत्तर धर्माच्या दृष्टीने अधिक धोक्याचे वाटते. या क्रुसाला अर्थ आहे, आणि तो खरा आहे. पण तो देवाच्या विजयाचा अर्थ नाही. जो त्याला विजय समजतो, तो ज्या चुकीतून हा मनोरा उभा राहिला तीच चूक क्रुसाच्या नावाने पुन्हा करतो. हे पटवून द्यायचे तर आधी मनोऱ्याकडेच नीट पाहायला हवे, कारण तो काही केवळ अँटेना टांगायला उभारलेला खांब नव्हता.

सुरुवात मात्र अँटेनापासूनच झाली. १९५२ साली स्टॉकहोमच्या परिषदेत युरोपातील देशांना प्रक्षेपणासाठी लहरींची वाटणी झाली. पूर्व जर्मनीला बहुतेक देशांची मान्यता नव्हती, त्यामुळे त्याच्या वाट्याला दोनच चॅनेल आले. एवढ्याशा वाट्यात राजधानी व्यापायची तर लहानलहान प्रक्षेपक चालणार नव्हते, एकच आणि खूप उंच केंद्र हवे होते. आधी शहराच्या आग्नेयेकडच्या म्युगेलबेर्गे टेकड्यांवर काम सुरूही झाले. पण ती जागा शोनेफेल्ड विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत येते हे उशिरा ध्यानात आले आणि काम सोडून द्यावे लागले. तांत्रिक गरजेचा हिशेब इथवरच पुरतो. पुढे १९६४ साली पक्षप्रमुख वाल्टर उल्ब्रिख्त यांनी मनोरा शहराच्या ऐन मध्यावर न्यायचे ठरवले, तिथे लहरींपेक्षा नजरेचा विचार होता. हेर्मान हेन्सेलमान या वास्तुरचनाकाराने काही वर्षांपूर्वीच एक 'संकेतांचा मनोरा' कल्पिला होता. त्याच्या टोकाचा गोल आकाशात गेलेल्या स्पुतनिकची आठवण करून देणारा होता. संकेतांचा मनोरा या नावातच सगळे आले. टेलिव्हिजनचे कार्यक्रम तर त्यावरून जायचेच होते, पण खरा कार्यक्रम मनोरा स्वतः होता: दिवसरात्र, बर्लिनच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना, सेट नसलेल्या माणसालाही दिसणारा.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झाले. २५० मीटरचा काँक्रीटचा दंड, त्याच्या वरच्या भागाभोवती गोल, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा अँटेनाचा खांब, मिळून ३६५ मीटर. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढला. ३ ऑक्टोबर १९६९ रोजी, प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या चार दिवस आधी, उल्ब्रिख्त यांनी मनोऱ्याचे उद्घाटन केले. त्याच दिवशी राज्याचा दुसरा कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. मनोऱ्यासाठी आणि त्याभोवतीच्या मोकळ्या पटांगणासाठी जुन्या बर्लिनची युद्धातून उरलीसुरली वस्ती साफ करण्यात आली. त्या वस्तीतली एकच मोठी वास्तू जागेवर राहिली: तेराव्या शतकातले मारीएनकिर्शे, म्हणजे सेंट मेरीचे चर्च. पूर्वी त्याच्या भोवती गल्ल्या होत्या. आता ते मैदानात एकटे, थोडे तिरके उभे आहे, कारण त्याची दिशा पुसून गेलेल्या गल्ल्यांशी जुळते, नव्या आखणीशी जुळत नाही. चर्चच्या प्रवेशदालनात पंधराव्या शतकातले एक लांबच लांब भित्तिचित्र आहे. त्यात मृत्यू पाद्र्यापासून सम्राटापर्यंत एकेकाचा हात धरून त्यांना नाचत घेऊन जातो. मनोऱ्याच्या पायथ्याशी हे चित्र राहू देणाऱ्यांनी ते कधी निवांत पाहिले असेल की नाही कोण जाणे.

चर्च राहू दिले म्हणून राज्य उदार होते असे कोणी समजू नये. मनोऱ्याचा गोल वर चढत होता त्याच काळात, ३० मे १९६८ रोजी, लाइपत्सिकमधले विद्यापीठाचे चर्च सुरुंग लावून पाडले गेले. तेराव्या शतकातले ते चर्च युद्धाच्या बाँबवर्षावातून जवळजवळ धडधाकट वाचले होते, आणि १५४५ साली खुद्द मार्टिन ल्यूथरने तिथे प्रवचन देऊन विद्यापीठाचे चर्च म्हणून त्याचे समर्पण केले होते. पुढच्याच महिन्यात पॉट्सडामच्या गॅरिसन चर्चचा मनोरा उडवला गेला. या दुसऱ्या वास्तूचा इतिहास वेगळा आहे. प्रशियाच्या लष्करी गर्वाशी आणि १९३३ च्या हिटलरच्या सोहळ्याशी ती जोडलेली होती, तिच्याबद्दल हळहळताना हे विसरता येत नाही. पण लाइपत्सिकच्या चर्चवर असा कोणताच डाग नव्हता. चौकाच्या समाजवादी आखणीत ते बसत नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणजे एका हाताने उंची रचणे आणि दुसऱ्या हाताने उंची पाडणे हे एकाच धोरणाचे दोन भाग होते. कोणत्या शहरात काय उंच दिसेल हे राज्य ठरवणार, आणि उंच जे दिसेल त्याचा अर्थही राज्यच सांगणार.

आता क्रुसाकडे येऊ. गोलावर स्टेनलेस स्टीलचे जे आवरण आहे ते गुळगुळीत नाही. त्यावर शेकडो छोटे पिरॅमिड बसवले आहेत, उभ्या-आडव्या रांगांत, प्रत्येकाला चार उतार. गोल साधा घासून चकचकीत केला असता तर सूर्याचा एकच ठिपका दिसला असता. या चार उतारांमुळे तो ठिपका वर-खाली आणि डावी-उजवीकडे पसरतो, आणि क्रूस तयार होतो. यात गूढ काही नाही. पण एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. क्रूस गोलाच्या एखाद्या ठरावीक जागी नसतो. बघणारा चार रस्ते पुढे गेला की क्रूसही गोलावर सरकतो. सूर्य कलला की सरकतो. एकाच क्षणी दोन ठिकाणी उभी असलेली दोन माणसे गोलाच्या दोन वेगळ्या भागांवर आपापला क्रूस पाहत असतात. तो पोलादावर कोरलेला नाही, म्हणून पोलादावरून खरवडताही येत नाही. तरी तो भासही नाही, कारण कॅमेऱ्यातही तो येतो. दोरीवर दिसणारा साप दिवा आणला की नाहीसा होतो. हा क्रूस दिव्यामुळेच असतो. सूर्य, धातू आणि डोळा या तिघांच्या मधोमध तो आहे, आणि तिघांपैकी कोणा एकाच्या मालकीचा नाही.

अशा गोष्टीला तात्पर्य असते का, हा आपल्याकडच्या दर्शनांना नवा प्रश्न नाही. नैयायिकांनी तो पोपटाच्या निमित्ताने विचारला होता. पढवलेला पोपट एखादे अर्थपूर्ण वाक्य बोलला, तर ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. पण वाक्याचा अर्थ लागायला बोलणाऱ्याचे तात्पर्य कळावे लागते असे मानले, तर पोपटाचे तात्पर्य कोणते? त्याला तर आपण काय बोलतो हेच ठाऊक नाही. 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त विश्वनाथाने याचे उत्तर दिले आहे: पोपटाचे बोलणे खरे ठरत असेल तर त्यामागे ईश्वराचे तात्पर्य मानावे, आणि खोटे ठरत असेल तर ज्याने पोपटाला पढवले त्याचे. मीमांसकांचा रोख अगदी निराळा. वेदाला कर्ताच नाही, तरी वेद अर्थवान आहे, तेव्हा अर्थ उभा राहायला कर्त्याचा हेतू लागतोच असे नाही, असे ते म्हणत. कोणी म्हणेल, एका साम्यवादी मनोऱ्यासाठी हे सारे कशाला काढायचे? काढायचे अशासाठी की बर्लिनच्या गोलाला पाहून 'देव परत आला' म्हणणारा माणूस नकळत नैयायिकाच्याच वाटेने जात असतो: चिन्ह तर दिसते आहे, करणाऱ्याचा हेतू तर नाही, तेव्हा हेतू देवाचाच असला पाहिजे.

या वाटेने जाण्यात अडचण अशी की विश्वनाथाने लावलेली कसोटी इथे कशी लावायची ते सांगता येत नाही. पोपटाचे वाक्य खरे की खोटे हे ताडून पाहता येते. क्रूस काही विधान करत नाही. मग तो खरा ठरला की खोटा, हे कशावरून म्हणायचे? कोणी म्हणेल, निकालावरून: राज्य कोसळले, क्रूस राहिला. पण मग निकाल पुरताच पाहायला हवा. राज्य १९९० मध्ये संपले, मनोरा राहिला, क्रूस आजही उमटतो, आणि ज्या भूमीवर तो उमटतो ती आज जगातल्या सर्वांत धर्मविन्मुख प्रदेशांपैकी एक आहे. मुक्त निवडणुका आल्या, प्रवासाचे स्वातंत्र्य आले, चर्चवरची बंधने गेली, तरी चर्चकडे पाठ फिरवलेले बहुसंख्य लोक परतले नाहीत. तो आकाशातून आलेला निरोप असता, तर ज्यांच्यासाठी आला त्यांनी तो घेतलाच नाही असे म्हणावे लागेल. देवाच्या तात्पर्याला इतक्या सहज दगा देणाऱ्या पुराव्यावर श्रद्धा टेकवणे मला श्रद्धेचाच अवमान वाटतो.

तुलनेसाठी एक उदाहरण जवळचे आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरात वर्षातून दोनदा मावळतीची किरणे गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. हा किरणोत्सव पाहायला लोक गर्दी करतात. तिथे सूर्य आहे, वास्तू आहे, बघणारा आहे, शिवाय बांधणाऱ्याची योजनाही आहे. त्यामुळे भाविकाने तिथे चमत्कार मानला नाही तरी त्याचे काही उणे होत नाही. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी हिशेब करून ठेवलेल्या नमस्कारात तो सामील होत असतो. बर्लिनमध्ये असा आधीचा नमस्कार नाही. म्हणूनच तिथला अर्थ कुठून येतो हे अधिक स्वच्छ दिसते. तो येतो बघणाऱ्यांच्या आठवणीतून. लाइपत्सिकचे चर्च कोसळताना ज्यांनी पाहिले, ज्यांच्या मुलांना चर्चमधल्या दृढीकरणाऐवजी राज्याच्या 'युवादीक्षे'ला पाठवावे लागले, नाहीतर पुढच्या शिक्षणाची दारे बंद होण्याची भीती होती, त्यांच्या डोळ्यांना गोलावर क्रूस दिसला. त्याच गोलाकडे दुसऱ्या देशातून आलेला, यातले काहीच माहीत नसलेला माणूस पाहील, तर त्याला चकाकी दिसेल. अधिकाऱ्यांनी म्हणे असेही सांगून पाहिले की तो क्रूस नसून समाजवादाचे अधिकचिन्ह आहे. हे खरे घडले असो वा रचलेले असो, ते लोकांना सांगावेसे वाटले यातच सगळे आले. चिन्हाचा अर्थ अधिकृतपणे ठरवून देण्याचा प्रयत्न हास्यास्पद झाला होता.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. अर्थ बघणाऱ्याच्या आठवणीतून येतो म्हटले की कोणीही कशातही काहीही पाहावे असे होत नाही का? होत नाही. आठवण सामाईक असावी लागते आणि वस्तूत तिला धरायला जागा असावी लागते. गोलावर उभी-आडवी पट्टी प्रत्यक्ष उमटते, ढगात देवाचा चेहरा पाहण्यासारखे हे नाही. शिवाय तो गोल कोणी बांधला, कोणत्या वर्षी, कोणते चर्च पाडत असताना, हे सगळे खरे आहे. अर्थ म्हणून जे लोकांनी वाचले ते एका माणसाच्या मनातले स्वप्न नव्हते. ते एक नेमके, तपासता येणारे विधान होते: आमच्या शहरातली प्रत्येक उंच गोष्ट तुमची असली, तरी ती पाहताना आम्हाला काय आठवावे हे तुमच्या हातात नाही. हे विधान खरे होते. टेलिव्हिजनच्या बाबतीतही तेच झाले होते. १९६१ मध्ये पक्षाच्या युवक संघटनेची पोरे छपरांवर चढून पश्चिमेकडे वळवलेल्या अँटेना मोडत किंवा फिरवत होती, कारण बव्हेरियातल्या ओखसेनकोप्फ डोंगरावरचे पश्चिमी प्रक्षेपण पूर्वेतल्या घराघरांत पोचत होते. अँटेना पुन्हा वळल्या. मनोरा कितीही उंच असला तरी प्रक्षेपण घेणारा आपली अँटेना कुठे वळवतो यावर त्याची हुकमत नसते.

दुसरा आक्षेप धर्माच्या बाजूने येतो आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १२ जून १९८७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर बोलले. ते भाषण भिंत पाडण्याच्या आवाहनासाठी लक्षात राहिले आहे, पण त्याच्या शेवटाकडे ते या मनोऱ्याकडे वळले होते. अधिकारी रंग आणि रसायने लावून हा दोष काढू पाहत आहेत, तरी ऊन पडले की गोलावर क्रूसच दिसतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. त्यांनी गोल काचेचा आहे असेही म्हटले. तो पोलादाचा आहे. पण या चुकीपेक्षा महत्त्वाचे असे की त्या दिवशी क्रुसाला दुसऱ्या बाजूच्या सत्तेने आपल्याकडे ओढले. आक्षेप घेणारा म्हणेल, त्यात वाईट काय? श्रद्धेवरच्या दडपशाहीचे वर्णन करायला एक समर्पक दृश्य मिळाले, ते वापरले. मला मात्र वाटते की तिथे काहीतरी मोलाचे निसटले. प्रकाशाचा क्रूस आकाशात पाहून विजयाची खूण मिळाली असे म्हणणारा पहिले सत्ताधीश रेगन नव्हते. ३१२ साली रोमजवळच्या लढाईआधी सम्राट कॉन्स्टंटाइनला सूर्यावर प्रकाशाचा क्रूस दिसला आणि त्याच्या बळावर जिंकण्याची आज्ञा मिळाली, असे त्याचा चरित्रकार युसेबियस लिहितो. ख्रिस्ती धर्म राजधर्म होण्याकडे तिथून वळला. पुढच्या कित्येक शतकांत क्रूस ढालींवर, झेंड्यांवर, जिंकलेल्या शहरांच्या वेशींवर गेला. मारीएनकिर्शेसारख्या चर्चचे मनोरेही एका काळी शहरातल्या सर्वांत उंच वस्तूंपैकी होते ते काही केवळ भक्तीने नव्हे. उंचीवरचा हक्क चर्चकडे होता. उल्ब्रिख्त यांनी तो हक्क हिसकावून घेतला, पण उंची म्हणजे सत्य हे समीकरण त्यांना चर्चकडूनच आयते मिळाले होते. हे मान्य केल्याशिवाय पूर्व जर्मनीच्या नास्तिकतेवर बोलण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसाला मिळत नाही.

आणि क्रूस मुळात काय होता? रोमन राज्याचे शिक्षेचे साधन. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सहा हजार गुलामांना कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्याच्या कडेने क्रुसावर टांगण्यात आले. मारायचेच होते तर तलवार पुरली असती. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे टांगायचे कारण एकच होते: राज्य काय करू शकते हे प्रत्येकाला सांगणे. त्या काळातले ते प्रक्षेपण होते. येशूला क्रुसावर दिले तेव्हा त्या साधनाचा अर्थ राज्याने ठरवलेला होता, पक्का होता, आणि त्यात शंकेला जागा नव्हती. तो अर्थ उलटा केला तो क्रुसावर चढवलेल्या माणसाच्या मागे उरलेल्या मूठभर दुबळ्या लोकांनी, आठवणीच्या बळावर. त्यांच्याकडे ना उंच जागा होती ना सैन्य. म्हणजे राज्याने उभारलेल्या खुणेचा अर्थ राज्याच्या हातातून निसटणे ही गोष्ट बर्लिनमध्ये पहिल्यांदा घडली नाही. क्रूस हे चिन्ह जन्मले तेच मुळी असे. मग पोलादी गोलावर तोच आकार उमटावा याला मी चमत्कार म्हणणार नाही, योगायोगच म्हणेन. पण त्याकडे पाहून बर्लिनकरांनी जे केले, त्याला क्रुसाच्या मूळ इतिहासाची धार होती, त्यांना ते ठाऊक असो वा नसो.

मार्टिन ल्यूथरची भूमी पूर्व जर्मनीतच होती. विटेनबेर्ग आणि आइसलेबेन दोन्ही त्या राज्यात होती. १५१८ साली हायडेलबेर्गच्या वादसभेत ल्यूथरने दोन प्रकारच्या धर्मचिंतकांत फरक केला होता: एक वैभवाचा, दुसरा क्रुसाचा. पहिला देवाला सामर्थ्यात, तेजात, यशात शोधतो. दुसऱ्याला कळलेले असते की देव तिथे झाकलेला असतो जिथे कोणी त्याला शोधणार नाही, दुःखात आणि पराभवात. या कसोटीवर दोनशे मीटर उंचीवर झळकणारा क्रूस हा वैभवाच्या धर्मचिंतनाचा नमुना ठरतो. ल्यूथरच्या परंपरेतल्या माणसाने त्याकडे पाहून 'बघा, जिंकलो' म्हणणे ही त्या परंपरेशीच फारकत आहे. चारशे वर्षांनी बर्लिनमधल्याच तेगेलच्या तुरुंगात बसून धर्मचिंतक डीट्रिख बॉनहॉफरने हाच विचार आणखी टोकाला नेला. देव या जगातून स्वतःला हाकलून लावू देतो, थेट क्रुसापर्यंत, आणि माणसाला साहाय्य करतो ते आपल्या सामर्थ्याने नव्हे तर आपल्या दुर्बलतेने, अशा आशयाचे त्याने १९४४ च्या जुलैमध्ये मित्राला लिहिले. पुढच्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फासावर दिले. देवाला जगातून हाकलणारे राज्य त्या शहरात एकामागून एक दोनदा आले. पहिल्याला तोंड देताना देवाच्या दुर्बलतेची कल्पना ज्या शहरात जन्मली, तिथे दुसऱ्याच्या वेळी देवाच्या चकचकीत विजयाचे गोडवे का गावेत?

मग या शहरात क्रुसाचा खरा ठाव कुठे होता? १९६४ च्या सप्टेंबरमध्ये, मनोऱ्याची जागा ठरली त्याच वर्षी, मार्टिन ल्यूथर किंग मारीएनकिर्शेमध्ये प्रवचन द्यायला आले. वृत्तपत्रांत, रेडिओवर त्याची जाहिरात नव्हती. तरी चर्च तुडुंब भरले आणि जागा न मिळालेल्यांसाठी जवळच्या सोफीएनकिर्शेमध्ये त्यांना तेच प्रवचन पुन्हा द्यावे लागले. बातमी कानोकानी गेली होती. आणि रेगन यांनी गोलाकडे बोट दाखवले त्याच १९८७ साली, बॉनहॉफरने तरुणपणी जिथे मुलांना शिकवले होते त्या त्सिओन्सकिर्शे या चर्चच्या मंडळीच्या इमारतीत एक 'पर्यावरण ग्रंथालय' चालत होते. तळघरात जुनी छपाई यंत्रे होती. त्यांवर शाईने हात काळे करून तरुण मुले प्रदूषण, शस्त्रस्पर्धा, नागरी हक्क यांवरची पत्रके छापत. वर 'केवळ चर्चच्या अंतर्गत वापरासाठी' असा शिक्का असे, कारण त्या शिक्क्याच्या आडोशाने सेन्सॉर टाळता येत असे. २४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर गुप्तचर पोलिसांनी तिथे धाड घातली, यंत्रे जप्त केली, मुलांना धरून नेले. चर्चसमोर लोक मेणबत्त्या घेऊन बसले. बातमी पश्चिमी वाहिन्यांवरून परत पूर्वेत आली, म्हणजे राज्याच्या मनोऱ्याला वळसा घालून आली. काही दिवसांत सगळ्यांना सोडावे लागले. दोन वर्षांनी, ९ ऑक्टोबर १९८९ रोजी, लाइपत्सिकच्या निकोलाई चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर सत्तर हजार माणसे रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळी झाडली नाही. ज्या गावात एकवीस वर्षांपूर्वी चर्च उडवले होते, तेच हे गाव.

शेवटचा आक्षेप असा निघू शकतो की मी क्रुसाला उंचीवरून उतरवून तळघरात नेले, पण तळघरातल्या मुलांपैकी अनेकजण तर श्रद्धाळूही नव्हते. त्यांना चर्चचे छप्पर हवे होते, चर्चचा देव नको होता. हे खरे आहे, आणि ते नाकारायचे कारण नाही. त्या छपराखाली श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघेही आले, आणि चर्चने दोघांसाठी जोखीम पत्करली. कधी कचरत, कधी पुढाऱ्यांशी तडजोडी करत, पण पत्करली. ल्यूथरच्या कसोटीने पाहिले तर क्रुसाची खूण याच जोखमीत शोधायची. ज्याला ती खूण मानायची नसेल त्याच्यासाठी निदान एवढे उरते: ज्या राज्याने आपल्या माथ्यावर मोठ्यात मोठा संकेत उभारला, ते तळघरातल्या एका छपाईयंत्राला भ्यायले. १९९० नंतर मनोरा पाडावा अशी मागणी झाली, ती मानली गेली नाही, आणि ते बरेच झाले. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दूरसंचार कंपनीने तोच गोल आपल्या गुलाबी रंगाचे पंचकोन लावून फुटबॉलसारखा सजवला. सत्तेनंतर आता बाजाराने त्याचा अर्थ ठरवून पाहिला. सजावट उतरली, आणि मारीएनकिर्शेतली उपासना तशीच चालू आहे, येणारी माणसे मात्र थोडी आहेत.